मॉरिस हायस्कूलची गॉथिक इमारत आणि आपले मुंबईचे गॉथिक: यांचे नाते कसे समजून घ्यावे?

निवृत्त_शिक्षिका_नौपाडा (प्रश्न)

नमस्कार. मी ठाण्यातल्या एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतरही तिथल्या आठवीच्या मुलांना प्रकल्पासाठी मदत करते. यंदाचा प्रकल्प 'इतिहासाची साधने' या पाठावर आहे. भौतिक साधन म्हटले की मुले किल्ले, नाणी आणि ताम्रपट यांच्यापुढे जात नाहीत. म्हणून शाळेची इमारत हेच साधन धरून लिहायला लावावे, असे आम्ही ठरवले आहे.

लेक न्यूयॉर्कला असते. तिच्याकडे गेले असताना ब्रॉन्क्स भागात, बोस्टन रोड आणि पूर्व १६६वा रस्ता यांच्या नाक्यावर असलेली मॉरिस हायस्कूलची इमारत मला निवांत पाहता आली. विटांच्या भिंती, खिडक्या-दारांभोवती फिकट रंगाची किनार, मधोमध उभा राहिलेला मनोरा आणि वर्गांच्या रुंद खिडक्यांच्या रांगा पाहून आधी ते एखादे जुने चर्च किंवा ऑक्सफर्डचे महाविद्यालय असावे, असे वाटते. प्रत्यक्षात ती १९०० ते १९०४ या काळात शहराच्या शिक्षण मंडळाने बांधलेली, फी न घेणारी, मुलामुलींना एकत्र शिकवणारी शाळा होती. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल हे १९५४ साली याच शाळेतून बाहेर पडले. आता तिथे एका मोठ्या शाळेऐवजी अनेक लहान शाळा भरतात, इमारत मात्र जपलेली आहे.

जन्मभर मुंबईला जा-ये करणाऱ्या माझ्यासारखीला ती इमारत अनोळखी वाटली नाही. सीएसएमटी, विद्यापीठ आणि सेंट झेवियर्स यांची आठवण लगेच झाली. म्हणून जाणकारांना विचारते: परदेशातून आलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या मोफत शाळेला एखाद्या कॅथिड्रलचे रूप का दिले गेले असावे? आपल्या मुंबईच्या गॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या धर्तीवरच्या, इमारतींशी तिचे खरे नाते आहे, की केवळ टोकदार कमानींमुळे आपल्याला तसे भासते? आणि मुलांना अशा इमारतीत नेमके काय पाहायला शिकवावे?

आराखडा_खारघर

बाई, नमस्कार. मी वास्तुविशारद असून शाळांच्या इमारतींचे काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना कमानींपासून सुरुवात करण्याऐवजी जागेच्या टंचाईपासून करावी, असे मला वाटते.

चार्ल्स बी. जे. स्नायडर हे १८९१ साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाचे शाळा-इमारतींचे अधीक्षक झाले आणि पुढची तीसहून अधिक वर्षे त्या पदावर राहिले. एलिस बेटावरचे स्थलांतरितांचे केंद्र १८९२ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ १८९८ मध्ये ब्रॉन्क्स, ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टेटन आयलंड हे भाग मॅनहॅटनशी जोडून आजचे मोठे शहर तयार झाले. युरोपातून लोकांचे लोंढे येत होते, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता आणि वर्गात बाके नव्हती. जुन्या शाळा अंधाऱ्या, कोंदट आणि आगीला सहज बळी पडतील अशा होत्या. त्यात आपण ज्याला आज हायस्कूल म्हणतो तसे सरकारी हायस्कूल त्या शहरात १८९७ पर्यंत नव्हतेच. त्या वर्षी एक मुलांचे, एक मुलींचे आणि एक एकत्र अशी तीन हायस्कुले सुरू झाली. त्यांतले एकत्र शिकवणारे 'मिक्स्ड हायस्कूल' म्हणजेच पुढचे मॉरिस. मधल्या काळात त्याला पीटर कूपर यांचे नाव होते आणि अखेर त्याच परिसराचे जुने रहिवासी, अमेरिकी राज्यघटनेच्या उद्देशिकेचे लेखक गूव्हर्नीर मॉरिस यांचे नाव दिले गेले.

स्नायडर यांचे मोठेपण, माझ्या मते, मनोऱ्यांपेक्षा नकाशात जास्त दिसते. मॅनहॅटनमध्ये नाक्यावरचे भूखंड महाग होते. त्यांनी गल्लीच्या मधले, दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती असलेले, त्यामानाने स्वस्त भूखंड घ्यायला सुरुवात केली आणि त्यांवर इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराची इमारत बसवली. दोन समांतर लांब बाजू आणि त्यांना जोडणारा आडवा भाग मध्ये, असा हा नकाशा आहे. त्यामुळे दोन्ही अंगांना एकेक उघडे अंगण मिळाले, बहुतेक वर्गांच्या खिडक्या रस्त्याच्या गोंगाटाऐवजी त्या अंगणांकडे वळल्या आणि शेजारी उद्या कितीही उंच इमारत उभी राहिली तरी वर्गातला उजेड जाणार नाही, याची सोय झाली. मॅनहॅटनच्या १०८व्या आणि १०९व्या रस्त्यांच्या मधली पब्लिक स्कूल १६५ ही १८९८ सालची इमारत या पद्धतीचा आरंभीचा नमुना मानतात. पॅरिसमधल्या क्लूनी वाड्याच्या अंगणावरून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते.

दुसरी गोष्ट जिन्यांची. जिन्याच्या एकाच उभ्या पोकळीत एकमेकांना छेदत, पण कुठेही न मिळता वर जाणारे दोन जिने स्नायडर यांनी आपल्या शाळांमध्ये वापरले. दोन्ही जिने आगीला दाद न देणाऱ्या भिंतींनी बंद केलेले असत. कमी जागेत दुप्पट मुले बाहेर काढण्याची ही युक्ती शाळेच्या बाहेरून अजिबात दिसत नाही, पण शेकडो मुलांचा जीव तिच्यावर अवलंबून असतो. शाळेचे काम करताना मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी जिन्याची असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता गॉथिक का. अमेरिकेत १८९०च्या दशकात ब्रिन मॉर आणि प्रिन्स्टन या खाजगी महाविद्यालयांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या धर्तीवर इमारती बांधल्या आणि तिथून 'कॉलेजिएट गॉथिक' ही शैली रूढ झाली. म्हणजे ती श्रीमंतांच्या मुलांच्या विद्येची खूण होती. तीच खूण स्नायडर यांनी शिंप्याच्या आणि गवंड्याच्या मुलांच्या शाळेला दिली. पत्रकार जेकब रीस यांनी न्यूयॉर्कच्या चाळींतल्या हालअपेष्टा जगापुढे आणल्या होत्या. त्यांनी स्नायडर यांच्या या कामाची मनापासून प्रशंसा केली.

यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. ग्रीक-रोमन पद्धतीच्या दर्शनी भागात खांब, त्यांच्यावरचा त्रिकोण आणि ठरावीक अंतरावरच्या खिडक्या यांची शिस्त पाळावी लागते. उत्तरकालीन इंग्लिश गॉथिकमध्ये मात्र चपट्या कमानीखाली बारीक उभ्या दगडी पट्ट्यांनी विभागलेली चांगली रुंद खिडकी बसते आणि तशा चार-पाच खिडक्या एका वर्गासाठी ओळीने लावल्या तरी इमारत बेढब दिसत नाही. वर्गाला उजेड हवा होता आणि तो या शैलीत सहज मिळत होता. हार्लेममधले वॉडले हायस्कूल किंवा स्टेटन आयलंडचे कर्टिस हायस्कूल या त्यांच्या त्याच काळातल्या इमारती बाजूला ठेवून पाहिल्या, तरी खिडक्यांचा हा आग्रह सगळीकडे दिसतो.

जुनी_कागदपत्रे_ठाणे

खारघरकरांनी अमेरिकेची बाजू उत्तम मांडली आहे. मी मुंबईविषयी लिहितो, कारण बाईंच्या दुसऱ्या प्रश्नात नात्याचा उल्लेख आहे आणि एक नाते खरोखरच आहे. ते कमानींमधून आलेले नाही, ते कापसातून आलेले आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. त्याची जागा आपल्याकडच्या कापसाने घेतली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळात, गव्हर्नर असलेल्या बार्टल फ्रीअर यांनी कोटाच्या भिंती पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवर सार्वजनिक इमारतींची रांग आखली. युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला, अनेक घराणी धुळीला मिळाली, पण इमारतींचे काम पुढे चालत राहिले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात कधीही न येता लंडनमध्ये बसून मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे केले. पदवीदान सभागृहाचे काम १८७४ मध्ये आणि ग्रंथालयासह राजाबाई टॉवरचे १८७८ मध्ये पूर्ण झाले. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी, तर ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी कापसाच्या व्यवहारातले सर्वांत मोठे नाव असलेले प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. पुण्याला येरवड्यातले डेक्कन कॉलेज कर्नल विल्किन्स यांच्या आराखड्यानुसार १८६८ मध्ये उभे राहिले, त्यालाही सर जमशेटजी जीजीभाय यांची देणगी होती. चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज १८८९ चे, जॉन अ‍ॅडम्स यांचे.

इथे पहिला मोठा फरक लक्षात येतो. मॉरिस हायस्कूल शहराच्या सार्वजनिक निधीतून उभे राहिले आणि ते कुणा एका दात्याचे नव्हते. आपल्याकडे सरकारची जागा, सरकारी किंवा विलायती स्थापत्यकार आणि देशी व्यापाऱ्यांचा पैसा अशी जुळणी होती. ही इमारत कुणासाठी बांधली, हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा. राजाबाई टॉवर पूर्ण झाल्यानंतर चारच वर्षांनी, १८८२ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि तो खर्च होतो उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर, म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून त्यावर खर्च वाढवावा, अशी त्यांची मागणी होती. ब्रॉन्क्समधल्या मोफत शाळेला मनोरा मिळाला. आपल्याकडे मनोरा विद्यापीठाला मिळाला आणि खेड्यातली शाळा देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत भरत राहिली. हे वाचून कुणाला मुंबईच्या इमारतींचा राग येऊ नये. मला त्या अतिशय प्रिय आहेत. पण इमारतीला इतिहासाचे साधन मानायचे, तर तिच्या दारातून कोण आत गेले आणि कोण बाहेर राहिले, हेही तिच्याकडूनच वाचता आले पाहिजे.

दुसरा फरक हवामानाचा आहे आणि माझ्या मते तोच या सगळ्या चर्चेचा गाभा आहे. युरोपात गॉथिक वाढले ते उजेडाच्या ओढीने. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात ११४०च्या दशकात अ‍ॅबट सुजेर यांनी जे बांधले, त्यात टोकदार कमानी आणि फासळ्यांचे घुमटाकार छत यांच्या साहाय्याने भार थोड्याच ठिकाणी उतरवून मधली भिंत काचेसाठी मोकळी केली. मुंबईत उजेडाची टंचाई कधीच नव्हती. इथे ऊन आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस अडवायचा होता आणि समुद्रावरचा वारा आत घ्यायचा होता. म्हणून त्याच टोकदार कमानी इथे ओळीने उभ्या राहिल्या आणि त्यांचा व्हरांडा झाला. जुन्या सचिवालयाच्या पश्चिमेकडच्या कमानींच्या रांगा पाहा, किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कोपऱ्यांवरचे उघडे चक्राकार जिने पाहा. त्या काळी ओव्हलच्या पलीकडे फार अंतर न राखता समुद्रच होता. मरीन ड्राइव्हचा भराव पुष्कळ नंतरचा. ब्रॉन्क्समध्ये कमानीखाली काच आहे, मुंबईत कमानीखाली सावली आहे.

कोरीव कामाबद्दल थोडे. जे. जे. कलाशाळेत १८६५ पासून लॉकवुड किपलिंग शिल्पकला शिकवत होते आणि पुढे जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी बोरीबंदर स्थानकाची सजावट केली. राजाबाई टॉवरवर उंचावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या माणसांच्या मूर्ती आहेत, त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवलेल्या नमुन्यांवरून कोरल्या गेल्या. पागोट्यांचे प्रकार, अंगरख्याच्या घड्या आणि चेहऱ्यांची ठेवण ही आपल्या माणसाने आपल्या माणसांकडे पाहून उतरवलेली आहे. आराखडा लंडनचा असला तरी छिन्नी इथली होती, आणि तिचे श्रेय दिल्याशिवाय 'मुंबईचे गॉथिक' हा शब्द मला अपुरा वाटतो.

निवृत्त_शिक्षिका_नौपाडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. फुल्यांच्या निवेदनाचे साल आणि राजाबाई टॉवरचे साल इतके जवळ आहे, हे वर्गात शेजारी शेजारी लिहून दाखवण्यासारखे आहे.

आणखी एक शंका आहे. मॉरिसच्या काळातली बांधणी पोलादाच्या सांगाड्याची असेल, तर तिथल्या भिंतींना लागून दिसणारे दगडी टेकू आणि कमानी यांच्यावर काहीच भार नसणार. मग त्या गॉथिकला खोटे म्हणायचे का? शिवाय न्यूयॉर्कमध्ये अशा अनेक जुन्या इमारतींखाली पदपथावर कायमचे वाटावेत असे लाकडी-लोखंडी मांडव उभारलेले दिसले. त्यांचे कारण काय?

दगडचुना_ऐरोली

मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून या दोन शंकांचे उत्तर मी देतो.

भाराच्या दृष्टीने पाहिले, तर दोन्ही पद्धती पूर्ण वेगळ्या आहेत. मुंबईच्या इमारतींत दगड खरोखर भार पेलतो. काळ्या पाषाणाची जाड भिंत, दर्शनी भागाला पिवळसर मालाड दगड आणि नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ, फिकट दगड, असे त्यांचे काम वाटून दिलेले असते. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला रेटत असतो. मधला दगड काढला तर कमान उभी राहत नाही. पोलादी सांगाड्याच्या इमारतीत भार खांब आणि तुळया उचलतात आणि विटा, दगड, टेराकोटा हा अंगरखा असतो. तरीही मी त्याला खोटे म्हणणार नाही. मध्ययुगीन गवंड्याने कमानी आणि टेकू यांच्या बळावर जे साधले, म्हणजे भार मोजक्या ठिकाणी उतरवून उरलेली भिंत मोकळी करणे, तेच स्नायडर यांच्या पिढीने पोलादाने अधिक सहज साधले. त्यामुळे दोन खांबांमधली जवळजवळ सगळी जागा खिडकीला देता आली. गॉथिकचा हेतू तिथे पाळला गेला, साधन बदलले. उलट मुंबईत साधन जुनेच राहिले, दगडी कमान तशीच भार पेलत राहिली आणि हेतू बदलला. बाईंनी मुलांना एवढे एकच समजावून दिले तरी प्रकल्प सार्थकी लागेल, असे मला वाटते.

आता मांडवांविषयी. न्यूयॉर्कमध्ये १९८० सालापासून सहा मजल्यांपेक्षा उंच इमारतींच्या दर्शनी भागाची ठरावीक मुदतीने तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि धोका आढळला की दुरुस्ती होईपर्यंत पदपथावर असा मांडव घालावा लागतो. धोका निर्माण होण्याचे मुख्य कारण पाणी आहे. टेराकोटा म्हणजे साच्यात घालून भाजलेली, झिलई दिलेली पोकळ मातीची विट. ती आतल्या पोलादाला लोखंडी आकड्यांनी बांधलेली असते. सांध्यांतून पाणी शिरले की आकडे गंजतात, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि आतून ढकलून त्या विटेला तडा देतो. बाहेरून पाहणाऱ्याला केसासारखी बारीक रेघ आणि तिच्याखाली तांबूस ओघळ एवढेच दिसते, पण तोपर्यंत आतला आकडा बराच खाल्ला गेलेला असतो. न्यूयॉर्कच्याच सिटी कॉलेजची शेपर्ड हॉल ही भव्य गॉथिक इमारत याचे ठळक उदाहरण आहे. भुयारी रेल्वे आणि पाया खणताना निघालेला काळसर शिस्ट दगड आणि त्यावर पांढऱ्या टेराकोटाची नक्षी अशी तिची रचना जॉर्ज पोस्ट यांनी केली. दगड टिकला, टेराकोटा मात्र इतका खराब झाला, की १९८० च्या दशकापासून तो उतरवून त्याच्या जागी काचतंतूमिश्रित काँक्रीटचे हुबेहूब तुकडे बसवावे लागले. कॉलिन पॉवेल मॉरिसमधून निघाले ते याच महाविद्यालयात गेले, म्हणजे त्यांचे शिक्षण एका गॉथिक इमारतीतून दुसऱ्या गॉथिक इमारतीत झाले.

आपल्याकडच्या दगडी इमारतींचे दुखणे वेगळे आहे. त्या चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना श्वास घेतो, भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी उन्हाळ्यात दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडू देतो. पुढे दुरुस्ती करताना अनेक ठिकाणी त्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट कठीण असल्यामुळे पाण्याला तिथून वाट मिळत नाही आणि ते शेजारच्या मऊ दगडातून बाहेर पडते. पाण्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचतात आणि पोरबंदरच्या दगडावरची नक्षी पापुद्र्यांनी सुटू लागते. जवळ जाऊन पाहिले तर सिमेंटची दरज तशीच उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा दगड आत गेलेला, असे चित्र दिसते. हे ज्याने एकदा नीट पाहिले, तो पुन्हा कधी जुन्या दगडी भिंतीला सिमेंट लावू देणार नाही. भिंतीला टिकवायचे तर जोडणारा माल हा नेहमी दगडापेक्षा मऊ असला पाहिजे, म्हणजे झीज दरजेची होते आणि दरज पुन्हा भरता येते.

वाचनालय_तलावपाळी

वरील चर्चेत मॉरिसच्या सभागृहाचा उल्लेख आला नाही म्हणून लिहीत आहे. मॉरिस हायस्कूलचे सभागृह, ज्याला डंकन हॉल म्हणतात, हे १९८२ साली शहराने संरक्षित अंतर्भाग म्हणून घोषित केले. त्याच वर्षी शाळा आणि तिच्या भोवतालची घरे मिळून संरक्षित परिसरही जाहीर झाला. सभागृहात रंगीत काचा आहेत आणि पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ फ्रेंच चित्रकार ऑग्युस्त गोर्गे यांनी रंगवलेले मोठे भित्तिचित्र आहे.

शाळेला एवढे मोठे सभागृह का लागावे, याचे कारण मला फार आवडते. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने १८८९ पासून प्रौढांसाठी संध्याकाळची मोफत व्याख्याने सुरू केली होती आणि हेन्री लाइपझिगर हे ती चालवत असत. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसे रात्री शाळेत येऊन विज्ञान, इतिहास आणि प्रवास यांवरची भाषणे ऐकत. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आणि आपल्या ठाण्यात आजही गर्दीने ऐकल्या जाणाऱ्या व्याख्यानमाला ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. स्नायडर यांनी सभागृह रस्त्यावरून सहज येता येईल अशा ठिकाणी ठेवण्याकडे लक्ष दिले, ते याच श्रोत्यांसाठी. इमारतीला शाळा सुटल्यानंतरही काम असावे, हा विचार त्या नकाशात आहे. आपल्याकडे संध्याकाळी कुलूप लागलेली शाळांची सभागृहे पाहिली, की मला हा नकाशा आठवतो.

आराखडा_खारघर

बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मुलांना मुंबईत नेणारच असाल, तर ठाण्याहून लोकलने थेट सीएसएमटीला उतरा आणि स्थानकाच्या बाहेर येऊन आधी दगडांचे रंग ओळखायला लावा. शैलीचे नाव नंतर सांगितले तरी चालेल. तिथून महापालिका मार्गाने सेंट झेवियर्सपर्यंत चालत जाता येते आणि पुढे ओव्हलजवळ विद्यापीठ गाठता येते. प्रत्येक इमारतीसमोर होकायंत्र घेऊन व्हरांडा कोणत्या दिशेला आहे, एवढे नोंदवायला सांगा. ऊन आणि पाऊस कुठून येतो, हे मुलांना ठाऊक असतेच. कारण त्यांना स्वतःला शोधू द्यावे.

त्यानंतरचे काम मात्र स्वतःच्या शाळेत करावे, असा माझा आग्रह आहे. ठाण्याच्या जुन्या भागातली कौलारू शाळा असो किंवा नवी मुंबईत सिडकोने राखून ठेवलेल्या भूखंडावरची काँक्रीटची शाळा असो, नकाशा काढला की प्रश्न तेच निघतात. माझ्या खारघरच्या घराजवळच्या शाळेत वर्गांची रांग आणि तिच्यासमोर मोकळी मार्गिका अशी रचना आहे. ती मार्गिका म्हणजे विद्यापीठाचा व्हरांडाच आहे, कमान तेवढी गेली. मुलांनी वर्गाच्या खिडक्यांचे क्षेत्रफळ मोजावे, जमिनीच्या क्षेत्रफळाशी त्याचे गुणोत्तर काढावे, दुपारी बारा वाजता शेवटच्या बाकावर दिवा न लावता पुस्तक वाचता येते का ते पाहावे, आणि दोन जिन्यांपैकी एक बंद झाला तर सगळी शाळा किती वेळात बाहेर पडेल, याचा अंदाज मुख्याध्यापकांच्या परवानगीने घ्यावा. स्नायडर यांनी न्यूयॉर्कमध्ये सोडवलेले प्रश्न हेच होते.

विद्यापीठाच्या आवारात गटाने जाण्यासाठी परवानगी आधी काढून ठेवावी लागते, तेवढे शाळेकडून पत्र घेऊन करून घ्या. मोजमापांसाठी मी एक कोरा तक्ता तयार करून याच धाग्यावर टाकतो. त्यात दिशा, दगड किंवा विटांचा प्रकार, दरजांचा माल आणि खिडक्यांची मापे असे रकाने ठेवतो. दरजांच्या रकान्यात काय काय लिहून घ्यावे, ते ऐरोलीकरांनी सुचवावे.